कार्ड मेलं, की मारलं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नागपूरच्या महाल भागातल्या एका लग्न-छायाचित्रकाराचं पत्र आधी घेतो. त्याच्यासोबत डायरीच्या पानांचे फोटो आले आहेत, आणि आकडे हातात घेऊन प्रश्न विचारणारा वाचक वर्षातून एखादाच भेटतो. पत्र मोठं आहे, थोडं कापून देतो.

प्रश्न : काका, नमस्कार. महालात माझा छोटा स्टुडिओ आहे. साक्षगंध, हळद, लग्न, रिसेप्शन, बारसं, सगळं करतो. आम्ही तिघं, कॅमेरे चार आणि ६४ जीबीची २२ मेमरी कार्डं. प्रत्येक कार्डाला पांढरी पट्टी लावून नंबर टाकला आहे. गेल्या जानेवारीपासून मी डायरी ठेवली. कोणतं कार्ड कोणत्या कार्यक्रमाला गेलं आणि कॉपी करताना कटकट झाली का, एवढंच लिहितो. कार्ड रिकामं गेलं, भरून आलं, कॉपी होऊन फॉरमॅट झालं की एक फेरी. डिसेंबरअखेर १,२०० फेऱ्या भरल्या आणि २४ वेळा एरर आला. त्यातले पाच एकट्या फेब्रुवारीत! एका लग्नाचे सप्तपदीचे फोटो गेले ते गेलेच, पार्टीनं पैसे कापले. मी वैतागून ती पाच आणि संशयावरून आणखी एक, अशी सहा कार्डं फेकली, नवी सहा आणली. आता ठरवतोय की दोन वर्षं झालेलं कार्ड सरळ कचऱ्यात. मुलगा मेकॅनिकलला आहे. तो म्हणतो, बाबा, कंट्रोल चार्ट काढा, कार्ड केव्हा मरणार ते आधीच कळेल. खरंच कळतं काय हो?

उत्तर : नाही कळत. कंट्रोल चार्ट म्हणजे पंचांग नव्हे. नेहमीचा चढउतार कुठवर आणि खरा बिघाड कुठून, हे दाखवणारा तो आलेख. अमुक कार्ड अमुक तिथीला जाईल हे त्यात निघत नाही. पण मुलावर रागावू नका, कारण त्यानं सांगितलेलं औषध चांगलं आहे. फक्त ते ज्या दुखण्यावर चालतं ते दुखणं वेगळं, आणि ते तुमच्या स्टुडिओत आहे. डायरी वाचल्यावर मी तासभर कागद-पेन्सिल घेऊन बसलो, बायकोनं दोनदा चहा गरम केला.

आधी एक जुनी गोष्ट. हिंगणा एमआयडीसीत मी नवा लागलो तेव्हा लेथवर बुश बनायचे. आतलं भोक पंचवीस मिलिमीटरचं, सूट दोन्ही बाजूंना ५० मायक्रॉन. मी हुशार. प्रत्येक नग बोअर गेजनं मोजायचा, वीस मायक्रॉन मोठा निघाला की क्रॉस स्लाइडचं चाक वीसनं मागे, तीस लहान निघाला की तीसनं पुढे. आठवडाभर घाम गाळला आणि रिजेक्शन वाढलं. मी मशीनला शिव्या घातल्या. फोरमन आले, काही न बोलता त्या चाकावर कापडी चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाले, “वीस नग होईस्तोवर हात लावायचा नाही. फक्त लिही.” लिहिलं. मशीनचा स्वतःचा पसारा दोन्ही बाजूंना ४० मायक्रॉनचा होता, म्हणजे सगळे नग पास. माझ्या दुरुस्तीनं तो पसारा ५६ वर नेला होता. यात जादू नाही. निव्वळ योगायोगानं पडलेला फरक दर वेळी तेवढाच उलटा फिरवला, तर पसारा दोनच्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण १.४ पट वाढतो. ती चिकटपट्टी तुमच्या फेब्रुवारीवर लावायला हवी होती.

आता हिशेब. १,२०० फेऱ्यांत २४ एरर म्हणजे शेकडा दोन. फेब्रुवारीत तिथी भरपूर होत्या आणि तुमच्या १२० फेऱ्या झाल्या. शेकडा दोननं त्या महिन्यात २.४ एरर ‘यायलाच’ हवेत. नुसत्या योगायोगाचा चढउतार जिथवर जातो ती वरची मर्यादा. ती काढायची सोपी रीत अशी : अपेक्षित आकड्याचं वर्गमूळ घ्या, तीननं गुणा, अपेक्षित आकड्यात मिळवा. २.४ चं वर्गमूळ दीडच्या जरा वर, तिप्पट केलं की ४.६, एकूण सात. पाच एरर सातच्या आत आहेत. शेकडा दोनच्या चालीत, एवढ्या गर्दीच्या दहा महिन्यांत एखादा महिना पाच किंवा जास्त एरर दाखवतोच, कुणाचा काही दोष नसताना. तुमचा तो महिना फेब्रुवारीत आला आणि नेमका सप्तपदीवर बसला. तुमचं दुःख खरं, पण त्या महिन्यात ‘काहीतरी बिघडलं’ हा निष्कर्ष खोटा.

आता जुलैचं पान काढा. आषाढ, लग्नं बंद, महिनाभरात फक्त वीस फेऱ्या. बारशी, एक वाढदिवस, कुण्या दागिनेवाल्याचं काम. एरर चार. चार हा आकडा पाचपेक्षा लहान, म्हणून तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाही, पत्रात जुलैचा उल्लेखही नाही. पण वीस फेऱ्यांना शेकडा दोननं अपेक्षा ०.४ ची. वर्गमूळ ०.६३, तिप्पट १.९, मर्यादा २.३. चार त्याच्या बाहेर, चांगलेच बाहेर. इतक्या लहान आकड्यांना ही वर्गमुळाची रीत जरा लवकर भुंकते, म्हणून मी संभाव्यता नीट काढून पाहिली. अशा महिन्यात चार किंवा अधिक एरर नुसत्या योगायोगानं येण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी आहे. म्हणजे तुम्ही जिथे आरडाओरड केली तिथे काही नव्हतं, आणि जिथे चोर शिरला तिथे तुम्ही घोरत होता.

चोर कोण हे चार्ट सांगत नाही, कोणत्या खोलीत बघायचं एवढंच सांगतो. मग मी त्या खोलीत गेलो. जुलैचे चार एरर ७, १२, १५ आणि १९ नंबरच्या कार्डांवर. चार वेगळी कार्डं, आणि यातल्या एकाही कार्डानं नंतर डिसेंबरपर्यंत तक्रार केली नाही. कार्डच बिघडलं असतं तर ते असं शहाण्यासारखं सुधारतं का? मग समासात तुमच्याच अक्षरात सापडलं, ३ जुलैला : ‘नवा रीडर, निळा, १८० रु.’ (रीडर म्हणजे कार्ड कॉम्प्युटरला जोडायची डबी) आणि महिन्याच्या शेवटच्या पानावर : ‘निळा रीडर पडला, फुटला.’ ऑगस्टमध्ये एरर शून्य. कोर्टात उभं राहण्याइतका हा पुरावा नाही, पण तुमच्या टेबलावरचे बाकीचे रीडर आणि वायरी आज तपासायला पुरेसा आहे. रीडर सैल असला, त्याची वायर हबातून जात असली, पुरेसा करंट मिळत नसला, तर कॉपी अर्ध्यात तुटते आणि स्क्रीनवर दोष कार्डाचा दिसतो. आपण कार्ड फेकतो, रीडर टेबलावर तसाच.

जुलै बाजूला काढला तर उरतात १,१८० फेऱ्यांत २० एरर, शेकडा १.७. ही तुमच्या स्टुडिओची रोजची चाल. ह्या नव्या सरासरीनंही फेब्रुवारीची मर्यादा सहाच्या वर येते, पाच आतच.

याच डायरीची दुसरी घडी घालून बघा, महिन्यांऐवजी कार्डांच्या नंबरांनी. वीस एरर बावीस कार्डांत वाटले तर कार्डामागे एकसुद्धा पुरा येत नाही. मर्यादा चाराच्या आत. आणि तुमच्या चार नंबरच्या कार्डावर पाच एरर आहेत : एप्रिल, मे, नोव्हेंबर, डिसेंबर आणि पुन्हा डिसेंबर. कोणत्याही एका महिन्यात ते उठून दिसलं नाही, कारण दर वेळी एकटंच आलं. फेब्रुवारीत त्याचा पाय नीट पडला म्हणून ते वाचलं आणि बिचारी दुसरी सहा गेली. चार नंबर अजून तुमच्या पिशवीत आहे. हे वाचून झालं की काढा.

हे ‘रोजची चाल’ आणि ‘घुसलेला चोर’ असे दोन भाग पाडायचं काम वॉल्टर शूहार्ट यांचं. १९२४ च्या मे महिन्यात बेल टेलिफोनच्या गोटात काम करताना त्यांनी साहेबाला एक पानाची टिपण दिली, त्यात आजच्या कंट्रोल चार्टचं चित्र होतं. टेलिफोनचं सामान शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात लाखांनी बनायचं आणि जमिनीखाली पुरलेलं यंत्र बिघडलं की रस्ता खणावा लागायचा, म्हणून ही काळजी. मर्यादेची रेषा तीन सिग्मावर (सिग्मा म्हणजे वरच्या हिशेबातलं ते वर्गमूळ) ओढायची हा कुठला देवाचा नियम नाही. नसलेल्या चोरामागे धावण्याचा खर्च आणि असलेल्या चोराला सोडण्याचा खर्च, या दोन्हींचा मेळ तिथे व्यवहारात बसतो म्हणून ती तिथे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांनी या शूहार्टना भारतात बोलावलं आणि १९४७-४८ च्या हिवाळ्यात ते इथे येऊन गेले. शूहार्टचे शिष्य डेमिंग जपानला १९५० साली शिकवायला गेले ते सगळ्यांना माहीत असतं, आपल्याकडे गुरू त्याच्याआधी येऊन गेले होते हे आमच्या कारखान्यातही कुणी सांगितलं नाही.

मग तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, दोन वर्षांनी कार्ड फेकायचं का. त्यासाठी कार्ड झिजतं कसं ते बघावं लागेल. कॅमेऱ्याच्या कार्डात नँड जातीची फ्लॅश मेमरी असते. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८७ मध्ये जगापुढे मांडली. तीत प्रत्येक खण म्हणजे विद्युतभाराचा एक इवलासा डबा, आणि भार आत ढकलायचा किंवा बाहेर ओढायचा तो एका अतिपातळ ऑक्साइडच्या पडद्यातून. दर लिहा-पुशीला पडदा थोडा खराब होतो. एका खणात एकच बिट ठेवणारी जुनी महागडी जात लाखभर फेऱ्या सोसायची. आता आपल्या हातात येणारी बहुतेक कार्डं एका खणात तीन बिट कोंबतात आणि ती मोघम ५०० ते काही हजार फेऱ्यांत थकतात. मात्र कार्डाच्या पोटात एक कंट्रोलर बसलेला असतो. इतवारीतल्या जुन्या मुनिमासारखा तो वहीचं तेच पान पुनःपुन्हा खोडू देत नाही. सगळी पानं फिरवून वापरतो, फाटकं पान दिसलं की त्यावर काट मारून शिलकीतलं देतो, आणि एखादा आकडा पुसट झाला तर आजूबाजूच्या आकड्यांवरून तो दुरुस्तही करतो.

आता भागा. १,२०० फेऱ्या, २२ कार्डं, म्हणजे एका कार्डाला वर्षाला ५५ फेऱ्या. दर वेळी कार्ड काठोकाठ भरलं असं धरलं आणि आयुष्य कमीत कमी ५०० धरलं, तरी नऊ वर्षं लागतात झिजायला. तुमचं दोन वर्षांचं कार्ड झिजेनं नाही मरत. ते पडल्यानं, वाकल्यानं, घामट हाताच्या कॉन्टॅक्टनं, दिवा लुकलुकत असताना ओढून काढल्यानं मरतं. यातलं शेवटचं मी स्वतः केलंय, भाचीच्या साक्षगंधाला. जेवणाची पंगत बसली होती, तर्री वाढून झाली होती, मला घाई. लाल दिवा चालू असताना दार उघडून कार्ड उपटलं. कॅमेरा त्या वेळी फोटो नाही, फोटोंची यादी लिहीत होता. फोटो कार्डावर होते, पण यादीच अर्धवट, म्हणून कार्ड कोरं दिसायला लागलं. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं बहुतेक परत आले, बहिणीनं मात्र आजवर माफ केलं नाही.

उलट, जुनी कार्डं फेकून नवी आणण्यात वेगळाच धोका आहे. पोल्ट्रीवाल्याला विचारा, मरतूक कोणत्या वयात जास्त. पहिल्या आठवड्यात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचंही तसंच : सुरुवातीला मरतूक जास्त, मग लांबलचक सपाट काळ, आणि शेवटी झीज लागली की पुन्हा चढ. सपाट काळात कार्डाचं वय काहीच सांगत नाही. तुम्ही सपाटीवरची सहा काढलीत आणि सुरुवातीच्या खड्ड्यातली सहा आणलीत. नव्या सहापैकी २५ नंबरचं मार्चमध्येच रुसलेलं दिसतं, बघा डायरीत. शिवाय बाजारात नकली कार्डांचा सुळसुळाट : आत ८ जीबी, बाहेर ६४ ची छपाई, आणि आठ भरले की पुढचे फोटो हवेत. म्हणून नवं कार्ड आणलं की पहिल्या रात्री ते काठोकाठ भरून परत वाचून पडताळणारं फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. ६४ जीबीला वेळ लागतो, लागू द्या. कार्ड स्टुडिओत मेलं तर दुकानदार बदलून देतो, मांडवात मेलं तर सप्तपदी परत करायला भटजी येत नाहीत. पाकिटावर ‘लाइफटाइम वॉरंटी’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थही एवढाच, की कार्डाबदल्यात कार्ड मिळेल.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात अर्ध्या ओळीत येऊन गेली. २४ एररपैकी फोटो कायमचे गेले किती वेळा? डायरीप्रमाणे दोनदा. बाकी बावीस वेळा दुसऱ्या रीडरनं किंवा रिकव्हरीनं काम निभावलं. ग्राहकाला एरर दिसत नाही, त्याला गेलेला फोटो दिसतो. शेकडा १.७ ही चाल चार्ट काढून खाली येणार नाही, चार्ट फक्त ती जागेवर आहे की सुटली ते दाखवतो. चाल सुधारायची तर पद्धत बदलावी लागते. तुमच्या चारपैकी दोन कॅमेऱ्यांना दोन खाचा आहेत असं लिहिलंत, आणि दुसरी खाच ‘पहिलं भरलं की पुढचं’ अशी लावली आहे. ती ‘दोन्हीवर एकदम’ अशी करा. मुख्य विधी फक्त त्याच दोन कॅमेऱ्यांनी. कॉपी दोन डिस्कवर झाल्याशिवाय फॉरमॅट नाही, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच, कॉम्प्युटरवर नाही. दर शंभरात एखाद-दोन कार्डं कटकट करतीलच असं धरून चाललात, की ती कटकट कुणाच्या लग्नापर्यंत पोचत नाही.

डायरीत एकच रकाना वाढवा : कोणत्या रीडरनं कॉपी केली. वर्षभरानं पानं पुन्हा पाठवा, चहाचं मी बघतो.

प्रश्न : इतवारीत आमचं किराण्याचं होलसेल दुकान आहे. चार वायफाय कॅमेरे चोवीस तास चालतात, प्रत्येकात ६४ जीबीचं मायक्रो कार्ड. आतापर्यंत पाच कार्डं गेली. चार गेली १३, १२, १४ आणि १२ महिन्यांनी, पाचवं तीनच महिन्यांत. लावून देणारा म्हणतो, तुमचं व्होल्टेज खराब. मला वाटतं तो माल हलका देतो. कोण खरं?

उत्तर : शेठजी, पहिल्या चार कार्डांपुरते तुम्ही दोघंही चूक. वरच्या पत्रात कार्डाच्या वयाला मी काडीची किंमत दिली नाही, तुमच्याकडे मात्र वय हेच सगळं आहे. कॅमेरा सेकंदाला साधारण एक एमबी लिहीत असेल तर दिवसाला ८६ जीबी होतात. म्हणजे ६४ चं कार्ड दिवसातून एकदा पुरं आणि वर एक-तृतीयांश भरतं. वर्षाच्या ४९० फेऱ्या. महालातल्या फोटोग्राफरचं कार्ड नऊ वर्षांत जेवढं लिहितं तेवढं तुमचं एका वर्षात. १२, १३, १४ महिने, एकमेकांना इतकं चिकटून मरण येतं ते म्हातारपणाचं. व्होल्टेजनं मेली असती तर कुणी दोन महिन्यांत, कुणी तीन वर्षांत, अशी विखरून मेली असती.

म्हणून दर वेळी भांडण्यापेक्षा पद्धत बदला. सततच्या रेकॉर्डिंगसाठी ‘हाय एंड्युरन्स’ म्हणून वेगळी कार्डं मिळतात, ती घ्या. त्यांच्या पाकिटावर किती तासांचं रेकॉर्डिंग सोसतील ते छापलेलं असतं, तो आकडा वाचूनच पैसे द्या. १२८ जीबीचं घेतलंत तर तेच लिखाण दुप्पट पानांवर पसरतं आणि आयुष्य जवळपास दुप्पट होतं. रात्री दुकान बंद असताना हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग, असं लावलं की निम्मी झीज तिथेच वाचते. आणि साधीच कार्डं वापरायची असतील तर दहाव्या महिन्यात सरसकट बदला, मरायची वाट न बघता. 

पाचव्या कार्डाचं मात्र वेगळं. ते बाकीच्यांच्या रांगेत बसत नाही, त्याच्यावरच प्रश्न विचारायचे. कोणत्या कॅमेऱ्यातलं? पश्चिमेच्या भिंतीवरचा, पत्र्याच्या डबीतला असेल तर आमच्या नागपूरच्या मे महिन्यात आत काय शिजतं ते सांगायला नको. की ते एकटंच वेगळ्या दुकानातून आणलं होतं? तसं असेल तर नकली निघण्याची शक्यता मी पहिली धरीन. आणि त्याच कॅमेऱ्यात घातलेलं पुढचं कार्डही लवकर गेलं, तर मग लावून देणाऱ्याच्या व्होल्टेजला मी एक संधी देईन.

एक सूचना. म्हातारं कार्ड पुष्कळदा धडकन मरत नाही, ते नवं लिहायचं बंद करतं आणि जुनं वाचून दाखवत राहतं. कॅमेऱ्याचा दिवा जळतोय, मोबाइलवर चित्रही दिसतंय, आणि कार्डावर शेवटची नोंद दोन महिन्यांपूर्वीची. चोरी झाल्यावर हे कळण्यापेक्षा दर महिन्याच्या एक तारखेला कालचं रेकॉर्डिंग उघडून बघा. भाड्याची पावती फाडता त्याच दिवशी.

प्रश्न : मी प्रतापनगरला राहते, प्राणिशास्त्र शिकते. उन्हाळ्यात पेंचच्या जंगलाकडे कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) कामाला मदतनीस म्हणून जाण्याची संधी आहे. पंचेचाळीस डिग्रीत, झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात कार्ड टिकतं का?

उत्तर : टिकतं, बेटा. बऱ्याच चांगल्या कार्डांवर ८५ अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. लिहून झिजण्याचा तर प्रश्नच नाही. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३,४८,५८,६२३ फोटो निघाले, त्यात वाघांचे ७६,६५१. ठिकाणाला सरासरी १,३०० फोटो पडले. लग्नाचा फोटोग्राफर एवढे हळदीलाच काढतो. उष्णतेचा त्रास कार्डाला वेगळ्या वाटेनं होतो : डब्यात कोंडलेला भार उन्हात लवकर गळतो, आणि कार्ड जितकं वापरलेलं तितकी गळती जास्त. म्हणून मोहिमेहून आणलेली कार्डं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून चहाला जाऊ नको, आणि फोटो त्याच संध्याकाळी उतरवून घे.

खरी गडबड नंबरांची होते. वाघाच्या दोन्ही कुशींचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. डाव्या कॅमेऱ्याचं कार्ड उजव्यात गेलं किंवा घड्याळ एका कॅमेऱ्यात चुकीचं राहिलं, तर कार्ड ठणठणीत असूनही जोडी जुळत नाही. कार्डावर आणि कॅमेऱ्यावर तोच नंबर रंगव. कागदाची पट्टी घामानं सुटते, पक्क्या शाईचा पेन घेऊन जा. टोपी विसरू नको.

प्रश्न : धरमपेठेतल्या एका आजींचा प्रश्न. नातवानं दिलेल्या कॅमेऱ्यात ‘कार्ड लॉक आहे’ असं येतं. बाजूचा खटका वर केलेला आहे, तरीही.

उत्तर : आजी, त्या खटक्याचा कार्डाच्या आत कशाशीही संबंध नाही. ते नुसतं प्लास्टिक आहे. कॅमेऱ्याच्या खाचेत एक बारीक बोट असतं, ते खटका चाचपून बघतं. खटका सैल झाला की कार्ड आत सरकवतानाच तो खाली घसरतो. आधी खटका वर धरून कार्ड हळूच आत घालून बघा. तरीही तेच आलं, तर खटक्याच्या खाचेवर पारदर्शक चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा घट्ट बसवा, मागच्या सोनेरी पट्ट्यांना न लागता. लिहायला सुरुवात होईल. पण पट्टी कॅमेऱ्यात सुटून अडकू शकते, म्हणून आतले फोटो उतरवले की हे कार्ड निवृत्त करा आणि नातवाला नवं मागा.